मुहूर्त आणि मार्चअखेर

आपल्या व्यापारी घरांत रात्री दुकान बंद करीत नाहीत, ते वाढवतात. दिवेलागणीनंतर सुई किंवा मीठ मागायला आलेल्या गिऱ्हाइकाला 'नाही' म्हणत नाहीत, 'सकाळी या' म्हणतात. धान्य मोजताना पहिले माप 'एक' नसते, 'लाभ' असते. बोहनीआधी उधारी नाही, आहेराच्या पाकिटात शंभराची नोट एकटी नाही, गल्ल्याला पाय लागला तर नमस्कार. यांना आपण अंधश्रद्धा म्हणत नाही, रीत म्हणतो. अंधश्रद्धा हा शब्द घरातील वडीलधाऱ्या बायकांसाठी राखून ठेवलेला असतो. आईविषयी लिहिण्यापूर्वी एवढे मान्य करणे भाग आहे, कारण सारा जन्म बँकेत काढलेल्या माणसाला जमेची बाजू लिहून नावेची बाजू कोरी ठेवता येत नाही.

आईचे माहेर जिंतूरचे, सासर मानवतचे. लग्नात तिने माहेरून चार तोळे सोने आणि आजीचे चाळीस नियम आणले, असे अण्णा, म्हणजे माझे वडील, म्हणत. सोने 1972 च्या दुष्काळात मोडले, नियम शाबूत राहिले. घरातून निघताना 'जाते' म्हणायचे नाही, 'येते' म्हणायचे. पाऊल उचलल्यावर 'कुठे निघालात?' असे विचारणाऱ्याची धडगत नसे. शिंक आली की बसायचे, घोटभर पाणी प्यायचे, मग निघायचे. तिघांनी एकत्र प्रवास करायचा नाही, करावाच लागला तर खिशात सुपारी ठेवून तिला चौथी मानायचे. शनिवारी लोखंड आणि तेल घरात आणायचे नाही. अमावास्येला गाव सोडायचे नाही. बुधवारी तर नाहीच. 'जाशील बुधी, येशील कधी' हे तिचे पालुपद.

हीच आई रोज पहाटे सामायिकाला बसते. भक्तामर स्तोत्राची 48 काव्ये तिला मुखोद्गत आहेत. आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंड श्रावकाचारात तीन मूढता सांगितल्या आहेत. त्यांतील लोकमूढतेत नदी-समुद्रातील स्नान, वाळू-दगडांचे ढीग रचणे, कड्यावरून उडी घेणे किंवा अग्निप्रवेश करणे यांनाच धर्म समजणे येते. चातुर्मासातील प्रवचनांत हे आईने माझ्यापेक्षा कितीतरी अधिक वेळा ऐकले आहे. एम. कॉम.चा निकाल लागल्याच्या उत्साहात मी तिला एकदा विचारले होते, "दृष्ट लागणे हे आठ कर्मांपैकी कोणत्या कर्माच्या उदयात बसवायचे?" ती धाकट्या भावावरून मीठ-मोहऱ्या उतरवीत होती. हात न थांबवता म्हणाली, "कर्म मोठं आहे, त्याचं काम ते करील. चिमूटभर मिठानं त्याला काय आडकाठी होते?"

मी हटलो नाही, तेव्हा तिने नेमगिरी काढली. जिंतूरजवळच्या त्या डोंगरातील गुहेत पार्श्वनाथ भगवंतांची मूर्ती लहानशा दगडावर तोललेली आहे. म्हणून त्यांना अंतरिक्ष पार्श्वनाथ म्हणतात. आईचे बालपण त्या गुहांच्या पायथ्याशी गेले. "एवढी मूर्ती एवढ्याशा दगडावर उभी राहते, तर घर चिमूटभर मिठावर का उभं राहू नये?" या युक्तिवादाला वाणिज्य शाखेत उत्तर नव्हते.

तिच्या भीतीचे मूळ शोधू लागलो की मी जिंतूरपेक्षा मानवतलाच पोहोचतो. परभणी जिल्ह्यातील वाचकांना 1972 ते 1974 या काळातील मानवतच्या खुनांविषयी सांगायला नको. बायका आणि लहान मुली एकामागून एक मारल्या जात होत्या. तपासासाठी मुंबईहून रमाकांत कुलकर्णी यांच्यासारखे अधिकारी आले आणि गुप्तधन व संततीच्या लालसेने नरबळी दिले गेल्याचे तपासात पुढे आले. मी तेव्हा 14 वर्षांचा होतो, बहीण 9 वर्षांची. त्या काळात आईने तिला अंगणातही एकटे सोडले नाही. दिवस मावळला की गल्लीतील दारे धडाधड लागत. त्याच सुमारास एक फिरस्ता आमच्या ओट्यावर येऊन 'या घराखाली धन आहे' असे काहीसे पुटपुटू लागला. दारावरचा पिंगळासुद्धा रिकाम्या हाती न पाठवणाऱ्या आईने त्याला पायरीवरूनच हाकलले. "दुसऱ्याचा जीव मागतं ते आपलं नाही," ती अण्णांना म्हणाली. "आपलं मीठ कोणाला झोंबत नाही."

पुढे 2013 मध्ये राज्यात जादूटोणाविरोधी कायदा झाला, तेव्हा मी त्याची अनुसूची कुतूहलाने वाचली. आईच्या चाळीसपैकी एकही नियम तीत नव्हता. हे तिला सांगितले तर म्हणाली, "सरकारलाही कळतं म्हणायचं."

पण तिचे मीठ कोणाला झोंबले नाही, हे खरे नव्हते. ते अण्णांना झोंबले होते.

अण्णांना सम्मेदशिखरजी करायची होती. मानवतच्या कापूस बाजारात अडत चालवणाऱ्या या माणसाला दुसरा कसलाही शौक नव्हता. वीस तीर्थंकरांची निर्वाणभूमी एकदा पायी वंदायची, एवढेच त्यांचे मागणे. 1993 मध्ये संघ ठरला. दशलक्षण पर्व संपले की क्षमावणी करून निघायचे. चामडे वर्ज्य म्हणून अण्णांनी परभणीहून पांढरे कॅनव्हासचे बूट आणले आणि ओसरीत फेऱ्या मारून घालून पाहिले. अनंत चतुर्दशी आटोपून गाव झोपले आणि 30 सप्टेंबरच्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. मानवतलाही फळीवरची भांडी खाली आली. आम्ही सारे अंगणात उभे होतो. उजाडल्यावर बातम्या येऊ लागल्या.

पुढच्या दोन-तीन दिवसांत बाजारपेठेतून धान्य, कांबळी, कपडे गोळा झाले. अण्णा स्वतः ट्रकमध्ये बसून लातूरकडे गेले. त्या दिवशी वार कोणता, तिथी कोणती, हे आईने पाहिले नाही. भाकऱ्या बांधून दिल्या आणि 'या' म्हणाली. ते परतल्यावर शिखरजीचा विषय निघाला तेव्हा मात्र तिचा चेहरा पांढरा पडला. "धरणी हलली आहे. या वर्षी घराबाहेर पाऊल नको." अण्णांनी वाद घातला नाही. संघ गेला, आमची पिशवी सोडली गेली.

येथवरची नोंद आईच्या नावे टाकता येते. यापुढची माझ्या नावे आहे. पुढच्या वर्षापासून अण्णा मला विचारू लागले, कारण मी बरोबर असलो तर आई तयार होईल असा त्यांचा हिशेब होता. मी सांगे, मार्चअखेर होऊ द्या. मार्च झाला की एप्रिलमध्ये ऑडिट, मेमध्ये ऊन, जूनमध्ये बदल्या, मग पाऊस, मग सप्टेंबरअखेर, डिसेंबरची तिमाही, आणि पुन्हा मार्च. आईच्या पंचांगात निदान महिन्यातले दहा दिवस तरी मोकळे सापडत, माझ्या पंचांगात वर्षभर एकही नाही. (ज्या हैदराबाद बँकेसाठी मी हे मुहूर्त पाळले, ती 1 एप्रिल 2017 रोजी स्टेट बँकेत विलीन झाली. त्या दिवशी वार शनिवार होता, हे आईनेच माझ्या लक्षात आणून दिले.) 1999 च्या आषाढात अण्णा गेले. चार दिवस आजारी होते. शेवटी शिखरजीचे नावही त्यांनी घेतले नाही, याचा आम्हाला दोघांनाही जास्त त्रास झाला.

गेलेल्या माणसाचे पायताण घरात ठेवू नये, हा आईच्या चाळीसपैकी एक नियम. अण्णांच्या चपला तिने तेराव्याच्या आत देऊन टाकल्या. कॅनव्हासचे बूट दिसले नाहीत, तेव्हा तेही गेले असे मी धरून चाललो.

मी 2018 मध्ये निवृत्त झालो. त्या वर्षीच्या क्षमावणीला, रिवाजाप्रमाणे, मी आईच्या पायाशी वाकून 'उत्तम क्षमा' म्हणालो. एरवी ती डोक्यावर हात ठेवून 'उत्तम क्षमा' म्हणते आणि विषय संपतो. त्या दिवशी तिने हात ठेवला आणि काढला नाही. "त्यांना मी जाऊ दिलं नाही," ती म्हणाली. पंचवीस वर्षांत हे वाक्य आमच्या घरात कोणी उच्चारले नव्हते. मी म्हणालो, "मीही." आम्ही क्षमा मागत होतो ती ज्यांची, ते भिंतीवर चंदनाच्या हारात होते. थोड्या वेळाने तिने विचारले, "आता ऐंशीव्या वर्षी मला तिथं चढवेल का रे?"

मी मोबाइलवर आरक्षण केले, मिळाली ती तारीख घेतली आणि पंचांग पाहायला विसरलो. आईने कालनिर्णय काढले. 5 जानेवारी 2019 : वार शनिवार, तिथी अमावास्या, दुसऱ्या दिवशी सूर्यग्रहण. शिवाय प्रवासी तीन, मी, पत्नी आणि ती. मी तिकिटे रद्द करण्याच्या तयारीने मोबाइल हातात घेतला. आईने चष्मा लावून ग्रहणाची टीप पुन्हा वाचली. "भारतात दिसणार नाही असं लिहिलंय," ती म्हणाली आणि आतल्या खोलीत गेली. निघायच्या दिवशी पत्नीने आठवणीने सुपारी घेतली, तर आईने ती परत डब्यात ठेवायला लावली आणि ट्रंकेतून वर्तमानपत्रात गुंडाळलेले पांढरे बूट काढून माझ्या हाती दिले. "चौथे हे आहेत. तुझ्या मापाचे होतील." वीस वर्षे तिने स्वतःचा नियम मोडून ते सांभाळले होते.

मनमाडला गाडी बदलली. उत्तरेच्या धुक्यात ती तासन्‌तास थांबत राहिली. मी दर दहा मिनिटांनी वेळ पाहत होतो. आई खिडकीशी बसून समोरच्या मुलीशी गप्पा मारत होती. ती मुलगी धनबादला अभियांत्रिकी शिकत होती. "एकटीच?" आईने तीनदा विचारले. मग तिने आपला लाडवांचा डबा तिच्यापुढे सरकवला आणि पारसनाथ येईपर्यंत धनबादच्या वसतिगृहाची सगळी माहिती काढून घेतली.

शिखरजीची वंदना 27 किलोमीटरची : 9 चढण, 9 वरची परिक्रमा, 9 उतरण. आईसाठी डोली अटळ होती आणि तिथेच गाडे अडले. जिवंतपणी चार खांद्यांवर चढायचे नाही. मधुबनला डोलीचा दर वजनावर ठरतो. कापसाच्या अडत्याच्या बायकोला काट्यावर उभे केले, भरली 38 किलो. माणूस म्हणाला, एवढ्या वजनाला दोनच जण पुरतात. आईने बोटांवर मोजले. "दोनच खांदे? मग चालेल." पोटनियमातली पळवाट इतक्या सफाईने काढणारा ग्राहक मला बँकेतही भेटला नव्हता.

पहाटे तीनला, बोचऱ्या थंडीत आम्ही निघालो. डोली उचलण्यापूर्वी पुढच्या माणसाने वाकून जमिनीला हात लावला आणि कपाळाला टेकवला. आईने कारण विचारले. तो संथाळ होता. हा पहाड आमचाही देव आहे, म्हणाला, मरांग बुरू. आई अंधारात माझ्याकडे वळून म्हणाली, "बघ, हाही विचारल्याशिवाय पाऊल उचलत नाही." पुढचा सारा रस्ता त्या दोघांत कोणत्या भाषेत संभाषण चालले, ते मला उमगले नाही. तिचे हिंदी मानवतच्या मोंढ्यातले, त्याचे डोंगरातले.

गंधर्व नाल्याच्या थोडे अलीकडे माझ्या उजव्या बुटाचा तळ सुटला. पन्नास पावलांवर डावा. पंचवीस वर्षांत रबर वाळून बिस्किटासारखे झाले होते. मी कठड्यावर बसून दोरीने बांधायचा प्रयत्न करीत होतो, तोच डोलीतून हसण्याचा आवाज आला. आई इतकी मोकळी हसताना मी कितीतरी वर्षांत पाहिली नव्हती. "त्यांनी ओसरीतच जास्त वापरले वाटतं," ती म्हणाली. मग हात पुढे करून बूट मागून घेतले आणि शालीत मांडीवर ठेवले. मी अनवाणी चाललो. पार्श्वनाथ भगवंतांच्या टोकेला पोहोचलो तेव्हा दुपार झाली होती. वंदनेला जाणारे जिथे पादत्राणे काढून ठेवतात, तिथे तिने ते बूट जोडीने मांडले. पायऱ्या मात्र स्वतः चढली, एका हाताने कठडा, दुसऱ्या हाताने सुनेचा खांदा धरून.

मधुबनला उतरल्यावर बुटांची पिशवी माझ्याकडे देत ती म्हणाली, "हे आता टाकून दे. गेलेल्या माणसाचं पायताण ठेवू नये."

आता तिचे गिरनारचे चालले आहे. 2020 च्या मार्चअखेरीस जायचे ठरले होते, ते टाळेबंदीत राहिले, पुढे गुडघ्यांनी अडवले. तेथे रोपवे सुरू झाल्याचे तिला कोणीतरी सांगितले आहे. परवा तिने मला बोलावून ती दोरी कशाची असते ते विचारले. पोलादी तारेची, मी म्हणालो. थोडा विचार करून म्हणाली, "मग शनिवारचं नको काढू. बाकी कोणता वार मिळेल तो घे, बुधवारसुद्धा."

तिकिटे अजून काढायची आहेत.