वायुदूत : एकोणीस आसनांचा जमाखर्च

नवी पेढी उघडणे सोपे, ती चालविणे कठीण, हे आपल्या घराण्यांतील वडीलधाऱ्यांना सांगावे लागत नाही. हेच गणित आकाशात कसे चुकले, हे ‘वायुदूत’ या विमानसेवेच्या कहाणीतून दिसते.

एअर इंडिया व इंडियन एअरलाइन्स या दोन सरकारी कंपन्यांच्या भागीदारीतून २६ जानेवारी १९८१ रोजी तिचा आरंभ झाला. ईशान्य भारतातील दुर्गम शहरे जोडणे हा तिचा मूळ हेतू. हेतू उत्तम होता, गरजही खरी होती. पुढे एकोणीस आसनांची डॉर्नियर विमाने आली. कानपूरच्या हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात ती परवान्याने बनू लागली. मग ईशान्येपुरती असलेली सेवा देशभर पसरली. आपल्या गावी विमान कोणाला नको असते?

येथे हिशेब मांडून पाहावा. एकोणीस आसनांच्या विमानालाही वैमानिक दोनच लागतात, मोठ्या जेटलाही दोनच. धावपट्टी, हवामानाची वार्ता, देखभाल यांचा खर्च प्रवासी चार असोत वा एकोणीस, चुकत नाही. तिकीट चढे ठेवावे तर गिऱ्हाईक रेल्वेने जाते. उतरते ठेवावे तर इंधनही सुटत नाही. अर्धे रिकामे विमान प्रत्येक उड्डाणागणिक तोटा वाढविते, आणि नवे गाव जोडले की नवे देणे उभे राहते. भांडवल सरकारचे होते म्हणूनच हा व्यवहार इतकी वर्षे चालला, असे मला वाटते. खाजगी पेढीने दुसऱ्या दिवाळीलाच वही मिटली असती.

त्यात अपघात झाले. १९ ऑक्टोबर १९८८ रोजी गुवाहाटीजवळ फोकर विमान कोसळून ३४ जण दगावले. वर्ष उलटण्यापूर्वीच, सप्टेंबर १९८९ मध्ये, पुण्याहून हैदराबादला निघालेले डॉर्नियर इंदापूरजवळ उजनीच्या जलाशयात पडले. आतील अकराही जण गेले. भीमाकाठच्या ज्येष्ठांना तो दिवस आठवत असेल.

१९९३ मध्ये वायुदूत इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन करण्यात आली.

२०१७ पासून ‘उडान’ योजनेतून लहान शहरांकडे पुन्हा विमाने वळली. या वेळी तीन वर्षांपर्यंत तुटीची भरपाई देण्याची तरतूद आहे. महालेखापरीक्षकांच्या २०२३ च्या अहवालानुसार, योजनेच्या पहिल्या तीन टप्प्यांत सुरू झालेल्या ३७१ मार्गांपैकी ही मुदत सरल्यानंतरही चालू राहिलेले मार्ग मार्च २०२३ मध्ये अवघे ५४ होते.