सात नंबरचा नकार

संगणकाच्या पडद्यावर ‘एरर’ दिसला की काहीतरी बिघडलं, असं आपण धरून चालतो. मराठीत त्याला ‘त्रुटी’ म्हणू लागलो आणि हा समज अधिकच पक्का झाला. मी कॉलेजात संगणक शिकलेलो नाही. अमरावतीला घरी बसून, लिनक्सबरोबर येणारी माहितीची पानं वाचत शिकलो. त्या पानांतले हे आकडे बहुतेक वेळा दोष सांगत नाहीत, उत्तर देतात, हे कळायला मला अकोल्याचा एक हंगाम लागला.

संगणकात एकाच वेळी अनेक प्रोग्राम चालू असतात. चालू प्रोग्रामला प्रोसेस म्हणतात. एका प्रोसेसला दुसरीच्या स्मृतीत परस्पर हात घालता येत नाही, म्हणून ऑपरेटिंग सिस्टीम त्यांच्यासाठी निरोपांची रांग ठेवते. ही कल्पना एटी अँड टीच्या ‘कोलंबस युनिक्स’ या घरगुती आवृत्तीतली. १९८३च्या ‘सिस्टीम फाइव्ह’मधून ती बाहेर आली, पुढे लिनक्सनेही घेतली. निरोप ठेवता किंवा उचलता आला नाही तर उणे १ मिळतो, आणि कारण वेगळ्या आकड्यात नोंदलेलं असतं.

नेहमीच्या पीसीवरच्या लिनक्समध्ये ११ म्हणजे रांग भरली आहे, थोड्या वेळाने या. ४२ म्हणजे हव्या प्रकारचा निरोप अजून आलेला नाही. ४ म्हणजे वाट पाहत असताना कुणीतरी मध्येच उठवलं, पुन्हा वाट पाहा. ४३ मात्र वाईट: तुम्ही उभे असतानाच रांग कुणीतरी मोडून टाकली. यातल्या पहिल्या तिघांना त्रुटी कशी म्हणायची? तहसीलच्या खिडकीवर यापेक्षा तुटक उत्तरं मिळतात.

आता ७. उचलणाऱ्याने आणलेलं भांडं निरोपापेक्षा लहान आहे, असा त्याचा अर्थ. निरोप रांगेत जसाच्या तसा, अखंड राहतो.

पंचवीसेक वर्षांपूर्वी अकोल्यातल्या एका जिनिंगसाठी मी काटापट्टीचा प्रोग्राम लिहिला. एक प्रोसेस वजनकाट्याचा आकडा घेई, दुसरी पट्टी छापी. निरोपात आधी शेतकऱ्याचं नाव, मग गाव, शेवटी क्विंटल आणि किलो. भांडं मी अंदाजाने घेतलं होतं. लांब नाव आलं की ७. पुन्हा उचलायला गेलं की रांगेच्या तोंडाशी तोच निरोप, पुन्हा ७. मागे बंड्या आणि मेटॅडोर खोळंबलेले, मालक ओरडतायत.

पानात एक सोय सापडली. तिचं नावच ‘नोएरर’. ती लावली की ७ येत नाही. निरोप भांड्यात मावेल तेवढा घेतला जातो, उरलेला टाकून दिला जातो, आणि तसं कुणी सांगत नाही. हेही पानात स्वच्छ लिहिलेलं आहे. मी घाईत अर्धंच वाचलं. रांग धावू लागली, मी खूश.

आठवड्याने एक म्हातारे शेतकरी पट्टी घेऊन आले. “भाऊ, माहा चाळीस किलो कापूस कुठी गेला?” पट्टीवर नुसते १२ क्विंटल. त्यांचं नाव लांब, गावाचंही लांब. शेवटचे ४० कापले गेले होते. दुसऱ्या एका पट्टीवर ४० चे नुसते ४ उरलेले. आखूड नावाच्या माणसांचं वजन बरोबर होतं, म्हणून कुणाला संशय आला नाही.

मी ‘नोएरर’ काढलं आणि भांडं ८१९२ बाइटचं केलं. लिनक्समध्ये एका निरोपाची नेहमीची कमाल मर्यादा तीच असते. त्याहून मोठा असेल तर तो ठेवणाऱ्यालाच २२ क्रमांकाने परत पाठवतात. तरीही ७ आलाच तर काम थांबवून माणसाला बोलवायचं, असं लिहिलं.

कापलेले किलो संगणकात कुठेच शिल्लक नव्हते. काट्यावरच्या दिवाणजींचा यंत्रावर भरवसा नव्हता, त्यामुळे ते प्रत्येक वजन पेन्सिलीने वहीत टिपून ठेवत. त्या वहीवरून आम्ही दोन रात्री बसून पट्ट्या पुन्हा लिहिल्या, आणि फरकाचे पैसे मालकाने घरोघरी पोचवले.