पाय मुरगळला की ‘स्प्रेन’ झाला?

सोमवार सकाळचा हमखास मेल: ‘आय हॅव लेग स्प्रेन, नीड टू डेज लीव्ह.’ रविवारचा ट्रेक, बॅडमिंटन नाहीतर जिना, कारण काहीही असो. रजा मिळते. पण त्या ‘स्प्रेन’चा नेमका अर्थ काय हो?

माझं गाव हिमायतनगर, नांदेड जिल्ह्यातलं, तेलंगणाच्या सीमेजवळचं. महाशिवरात्रीला परमेश्वराच्या यात्रेत कुणाचा तरी पाय मुरगळायचाच. शेजारच्या काकू म्हणायच्या, ‘लचक भरली’. पानटपरीवरचे चाचा म्हणायचे, ‘मोच आ गई’. आजोबांच्या कंबरेत भरायची ती ‘उसण’. वरून जखम नाही पण आत ठणकतंय, तो ‘मुका मार’. एवढी श्रीमंती असताना आम्ही शहरात आलो आणि सगळ्यावर एकच शिक्का मारला, स्प्रेन!

स्प्रेन की स्ट्रेन?

सांध्यात हाडाला हाड बांधून ठेवणारा पट्टा म्हणजे लिगामेंट. तो ताणला किंवा फाटला की स्प्रेन. स्नायू, किंवा त्याला हाडाशी जोडणारा टेंडन दुखावला की स्ट्रेन. म्हणून घोट्याला स्प्रेन होतो आणि मांडीमागच्या हॅमस्ट्रिंगला स्ट्रेन. आजोबांची उसण बहुतेक वेळा स्ट्रेनमध्येच मोडते. सांधाच निखळला तर ते डिसलोकेशन, तो मामला वेगळा.

आता तो ‘लेग स्प्रेन’. मराठीत कंबरेखाली सगळा पायच! इंग्रजीत लेग वेगळा, फूट वेगळा, अँकल वेगळा. तेव्हा सांध्याचं नाव घ्या: ‘आय हॅव स्प्रेन्ड माय अँकल.’ गंमत बघा, इंग्रजीत ‘मी’ घोटा मुरगळतो. मराठीत पाय आपला आपणच मुरगळतो, आपला काही दोषच नाही!

‘साधा’ नावाचा धोका

खरी गडबड होते ती ‘साधा स्प्रेन आहे’ म्हटल्यावर. लिगामेंट थोडा ताणला, अर्धवट फाटला की पूर्ण तुटला, यावरून स्प्रेनच्या तीन पायऱ्या ठरतात. तिसरी अजिबात साधी नसते. शिवाय सूज आणि वेदना फ्रॅक्चरमध्येही तशाच असतात. कॅनडातल्या डॉक्टरांनी 1992मध्ये मांडलेले ‘ओटावा अँकल रूल्स’ इथे कामाला येतात. घोट्याच्या आतल्या किंवा बाहेरच्या हाडाच्या मागच्या कडेवर किंवा टोकावर दाबल्यावर दुखत असेल, किंवा पडल्यावर लगेच आणि नंतर दवाखान्यातही चार पावलं टाकता येत नसतील, तर एक्स-रे हवाच.

आणि हो, पहिले दोन-तीन दिवस तेल लावून चोळणं, शेकणं टाळा. बर्फाने वेदना कमी होतात, पण त्याचाही अतिरेक नको. विश्रांती, बर्फ, बँडेज आणि पाय उंचावर हा ‘राइस’ मंत्र डॉ. गेब मर्किन यांनी 1978मध्ये दिला. बर्फ आणि पूर्ण विश्रांतीमुळे बरं व्हायला उशीर होऊ शकतो, असं 2014मध्ये त्यांनीच सांगितलं.

तेव्हा मंडळी, डॉक्टरांकडे आजाराचं नाव घेऊन जाऊ नका, काय घडलं ते सांगा. पाय आत वळला की बाहेर? ‘कट्’ आवाज आला? सूज कधी आली? चालता आलं? हे सगळं मराठीत छान सांगता येतं. नाव काय द्यायचं, ते डॉक्टर बघतील.