शाळेपासून घर किती लांब?

बदलापुरात घर बघायला आलेला माणूस पहिला प्रश्न विचारतो, स्टेशन किती लांब? रोज लोकल पकडणाऱ्याचं ते बरोबरच आहे. पण शाळकरी मुलं घेऊन परदेशी निघालेल्यांनी आधी शाळेचं अंतर विचारावं, असं माझं ठाम मत आहे. उल्हासनगरच्या शाळेत मी नोकरीची सगळी वर्षं काढली. कोणतं मूल पहिल्या तासाला पेंगतं हे पुष्कळदा त्याच्या घरच्या पत्त्यावरून कळायचं.

माझ्या लेकीचं आणि जावयाचं इंग्लंडला, रेडिंगला जायचं ठरलं तेव्हा नात दहा वर्षांची होती, नातू सहाचा. ओळखीच्यांनी सांगितलं, आपली दुकानं, आपली माणसं असतील तिथे घर घ्या. मी लेकीला म्हटलं, "भाजी आठवड्यातून एकदा आणशील, शाळा रोज आहे."

तिथल्या सरकारी शाळांना फी नसते. पण जागा कमी आणि अर्ज जास्त झाले, की बहुतेक शाळा घरापासूनचं अंतर मोजतात. आपल्याकडे आरटीईच्या २५ टक्के जागांसाठी जवळच्या मुलाला आधी घेतात, त्याच जातीचा हा नियम. मात्र तिथे एक किलोमीटर, तीन किलोमीटर अशी ठरलेली रेघ नसते. त्या वर्षी अर्ज किती आले त्यावर शेवटचा प्रवेश किती लांबच्या मुलाला मिळाला हे ठरतं, आणि पुष्कळ ठिकाणी स्थानिक कौन्सिल हा आकडा जाहीर करते. घराचे फोटो बघण्याआधी तो बघावा. एका रस्त्याच्या फरकाने प्रवेश हुकू शकतो.

वर्षाच्या मधे जाणाऱ्यांची अडचण वेगळी. लहान वर्गांत, म्हणजे साधारण सात वर्षांपर्यंत, एका शिक्षकामागे ३० मुलांची कायदेशीर मर्यादा आहे. वर्ग भरला की मुख्याध्यापकांची इच्छा असूनही एकतिसावं मूल सहसा घेता येत नाही. त्यामुळे भावंडं दोन शाळांत विभागली जातात, आणि आईबापांना दोन्हीकडे एकाच वेळी पोचायचं असतं. शिवाय प्रवेशासाठी बहुधा पत्त्याचा पुरावा लागतो, म्हणून भाडेकरार आधी, शाळा नंतर. त्यासाठीच करार करण्यापूर्वी आसपासच्या चार शाळांना फोन करून कोणत्या वर्गात जागा आहे ते विचारून घ्यावं. लेकीने इथूनच, बदलापुरातून, दुपारनंतर फोन केले; तिकडे तेव्हा सकाळ असते.

नातीचं वय तर अगदी नाक्यावरचं. अकराव्या वर्षी तिथे माध्यमिक शाळा सुरू होते आणि त्याचा अर्ज आदल्या ३१ ऑक्टोबरपर्यंत द्यायचा असतो. रेडिंग, स्लाऊ या भागांत परीक्षा घेऊन प्रवेश देणाऱ्या ग्रामर शाळा आहेत. त्यांच्यासाठी बरीच भारतीय कुटुंबं तिथे घर शोधतात. पण परीक्षेची नावनोंदणी उन्हाळ्यातच आटोपते. ऑगस्टमध्ये उतरणाऱ्याने त्या शाळांच्या भरवशावर जास्त भाडं मोजू नये.

आणि पाणी. २६ जुलै २००५ ला उल्हास नदीने आमच्या बदलापूर पश्चिमेत काय केलं ते मी पाहिलं आहे. २७ जुलै २०१९ ला बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यात अडकली तेव्हा सगळ्या देशाने पाहिलं. रेडिंगही थेम्सकाठचं गाव. इंग्लंडमध्ये पिनकोड टाकला की त्या पत्त्याला पुराचा धोका किती, हे सरकारी संकेतस्थळावर दिसतं. मी लेकीला प्रत्येक घराचं ते बघायला लावलं. अंबरनाथ, उल्हासनगरला प्रदूषित वालधुनी नदीच्या काठी राहिलेल्यांना हेही सुचेल, की घर दुपारी बघून भागत नाही, रात्रीचा वास कसा येतो तेही विचारावं लागतं.

मराठी माणसांची ओढ मला कळते. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे. गणपतीला, दिवाळीला तिथे गाडीने जाता येतं. जावयानेही रोजच्या ऑफिसला गाडीनेच जावं. आम्ही कर्जत लाइनची माणसं, तासाचा प्रवास मोठ्यांना झेपतो. सहा वर्षांच्या पोराला पावसात, लवकर पडणाऱ्या अंधारात पाऊण तास नेऊ नये.

अखेर त्यांनी दोन खोल्यांचं जुनं घर घेतलं, शाळेपासून चालत आठ मिनिटांवर. नातीला लगेच जागा मिळाली, नातवाचा वर्ग भरलेला होता. तिथल्या प्रतीक्षायादीत आधी आला त्याचा नंबर आधी लागत नाही, शाळेच्या निकषांनी क्रम लागतो. बहीण त्याच शाळेत आणि घर जवळ, म्हणून दिवाळीआधी त्याचं नाव वर आलं. तोवर त्याला बसने दुसऱ्या शाळेत पोचवायचं काम जावयाने केलं.