पाच कचेऱ्या, एक घर

२०२२ सालची गोष्ट. आमच्या प्रौढ वर्गात एक बाई येऊ लागल्या. वय तिशीच्या आसपास. आदल्या वर्षी, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, त्यांचे मालक वारले होते. पदरात दोन मुले. येताना त्या एक कापडी पिशवी घेऊन येत. पिशवी सदा काखेत. एक दिवस मी विचारले, "बाई, या पिशवीत आहे तरी काय?"

त्या म्हणाल्या, "गुरुजी, कागद आहेत. दर कचेरीत कुणाला तरी वाचून दाखवा म्हणावं लागतं. म्हटलं, आपणच वाचायला शिकावं."

त्यांनी पिशवी उघडली. मालकांच्या मृत्यूच्या दाखल्याच्या अकरा झेरॉक्स निघाल्या. रेशन कार्ड निघाले. सातबारा निघाला, पण त्यावर अजून मालकांचेच नाव. तीन कचेऱ्यांचे तीन कागद निघाले. पहिल्यावर लिहिले होते, 'अर्ज मिळाला.' दुसऱ्यावर लिहिले होते, 'उत्पन्नाचा दाखला जोडावा.' तिसऱ्यावर होते, 'आधार कार्डावरील नाव व मृत्यूच्या दाखल्यावरील नाव जुळत नाही.'

आता बघा. तिन्ही कचेऱ्यांनी काम केले होते. तिघांच्या वहीत तशी नोंद होती. पण घरात काय आले होते? काहीच नाही. थोरला मुलगा आठवीतून शाळा सोडून द्राक्षाच्या बागेत रोजाने जाऊ लागला होता.

वाचकहो, आजचा धडा याच गोष्टीचा आहे. कचेरीची वही भरली म्हणजे घर सावरले असे नव्हे. मग घर सावरले की नाही, हे कसे पाहावे?

संकट एक, दारे अनेक

घरचा कर्ता माणूस गेला, की घरावर एकच संकट येत नाही. मिळकत थांबते. देणेकरी दारात येतात. जमिनीवर नाव लागत नाही. मुलांची शाळा सुटायला बघते. बाई मनाने खचते. घराला हे सगळे मिळून एकच दुखणे असते. पण सरकारात प्रत्येक दुखण्याचा वैद्य निराळा.

तहसील कचेरीत संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज द्यायचा. ही योजना १९८० साली सुरू झाली. २०२३ साली तिची रक्कम महिना १,५०० रुपये झाली. दारिद्र्यरेषेखालच्या घरातला १८ ते ५९ वर्षांचा कर्ता माणूस वारला, तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून एकदाच २०,००० रुपये मिळतात. त्याचाही अर्ज तहसीलीतच.

जमिनीची वारस नोंद तलाठ्याकडे. आता तलाठ्याला ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. ही नोंद फार महत्त्वाची. सातबाऱ्यावर बाईचे नाव नसले, तर पीक कर्ज मिळायला अडचण, नुकसानभरपाईला अडचण.

मुलांसाठी बालसंगोपन योजना आहे. आई किंवा बाप यांपैकी एक जण गेला असला, तरी मुलासाठी अर्ज करता येतो. २०२३ पासून तिची रक्कम एका मुलामागे महिना २,२५० रुपये झाली. पण ती मंजूर करते बालकल्याण समिती, आणि ती बसते जिल्ह्याच्या ठिकाणी. आपल्या नाशिक जिल्ह्यात पंधरा तालुके आहेत. सुरगाण्याच्या बाईने नाशिकला जाऊन यायचे म्हणजे दिवस गेला, भाडे गेले आणि रोजही बुडाला.

शेतकरी सर्पदंशाने, वीज पडून किंवा रस्त्यावरच्या अपघातात गेला, तर गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या योजनेतून दोन लाख रुपये मिळतात. तो अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे, आणि तो लवकर करावा लागतो. अज्ञानामुळे मुदत टळली, तर हक्क असून पदरी काही पडत नाही.

एवढी दारे आहेत. एका दारातल्या माणसाला दुसऱ्या दारात काय चालले आहे ते ठाऊक नसते. सगळ्या दारांची खबर ठेवायची कोणी? तर जिच्या घरात नुकतेच मरण झाले, त्या बाईने! हा न्याय झाला का?

कोरोनाच्या वेळी काय झाले

कोरोनाने हे दुखणे उघड्यावर आणले. २०२१ च्या उन्हाळ्यात नाशिकने फार सोसले. २१ एप्रिलला नाशिक महापालिकेच्या दवाखान्यात प्राणवायूची टाकी गळली आणि वीसहून अधिक रोगी दगावले. गावोगाव तरणे कर्ते पुरुष गेले. त्यांच्यामागे तरण्या बाया आणि लहान पोरे उरली.

तेव्हा सरकारने मदत जाहीर केली. आईबाप दोघेही गेलेल्या मुलाच्या नावे राज्याने पाच लाख रुपये ठेव ठेवायचे ठरवले. कोरोनाने माणूस गेलेल्या घराला ५०,००० रुपये द्यायचे ठरले. पण पैशापेक्षाही महत्त्वाची एक गोष्ट ऑगस्ट २०२१ मध्ये झाली. महाराष्ट्र सरकारने 'मिशन वात्सल्य' काढले. त्यात प्रत्येक तालुक्याला एक समिती ठरली. तहसीलदार तिचे अध्यक्ष. निरनिराळ्या खात्यांच्या अधिकाऱ्यांनी एका टेबलाभोवती बसायचे, आणि खालच्या माणसांनी घरी जाऊन विचारायचे, असा तो बेत होता.

यात लोकांचाही हात होता. अकोल्याचे शिक्षक हेरंब कुलकर्णी व त्यांचे सोबती यांनी कोरोना एकल महिला पुनर्वसन समिती उभी केली. तालुक्या-तालुक्यात कार्यकर्ते जमवले. विधवा झालेल्या बायांच्या याद्या केल्या, अर्ज भरून दिले, समितीच्या बैठका व्हाव्यात म्हणून मागे लागले.

या बेतातले तत्त्व जुनेच आहे. मुंबईत १९८४ साली टाटा समाजविज्ञान संस्थेने पोलीस आयुक्तांच्या कचेरीतच महिलांसाठी विशेष कक्ष उघडला. मार खाल्लेली बाई पोलिसांकडे येते. मग समाजसेविकेने तिथेच बसावे, बाईला दुसऱ्या दारी का पाठवावे, असा साधा विचार. हाताची पाची बोटे सारखी नसतात. पण घास उचलायचा तर पाची एकत्र यावी लागतात.

काम झाले, हे ओळखावे कसे?

समिती झाली, बैठक झाली, फोटो निघाला. एवढ्याने काम झाले का? इथे इंग्लंडची एक गोष्ट सांगतो.

२०१२ साली तिथल्या सरकारने अडचणीत सापडलेल्या सुमारे १ लाख २० हजार कुटुंबांसाठी मोठा कार्यक्रम काढला. एका कुटुंबामागे एक कार्यकर्ता. त्याने शाळा, पोलीस, दवाखाना, रोजगार कचेरी या सगळ्यांशी बोलायचे. कुटुंब मार्गी लागले, की तिथल्या नगरपालिकेला त्यापोटी पैसे मिळत. २०१५ साली सरकारने सांगितले, की जवळजवळ सगळीच, शंभरातली ९९ कुटुंबे मार्गी लागली.

मग २०१६ साली तपासणी करणाऱ्या जाणत्या लोकांचा अहवाल आला. त्यांनी काय केले? कार्यक्रमातली कुटुंबे घेतली. तशीच अडचणीतली, पण कार्यक्रमात नसलेली कुटुंबेही घेतली. दोन्ही शेजारी ठेवून पाहिली. फरक जवळजवळ दिसेना!

आपल्या शेतकऱ्याला ही युक्ती समजावून सांगायला नको. नवे खत आणले, तर तो कांद्याच्या एका वाफ्याला ते घालतो आणि शेजारचा वाफा तसाच ठेवतो. नाहीतर पीक खताने आले की पावसाने, हे कळायचे कसे?

पण गोष्ट इथे संपत नाही. तो कार्यक्रम पुढे सुधारून चालवला. २०१९ साली पुन्हा तपासणी झाली. या वेळी फरक दिसला. आईबापांपासून दूर ठेवावी लागणारी मुले, शेजारच्या 'वाफ्यातल्या' कुटुंबांपेक्षा, सुमारे एक तृतीयांशाने कमी झाली होती. म्हणजे अनेक खात्यांनी मिळून केलेले काम फुकट जात नाही. पण ते खरे मोजावे लागते. नुसती वाहवा केली, तर चूक सुधारत नाही.

पाच प्रश्न

आपण काही अहवाल लिहिणारे विद्वान नाही. पण पाच प्रश्न कोणालाही विचारता येतात.

पहिला: बाईला किती हेलपाटे पडले? एक कागद किती वेळा मागितला?

दुसरा: किती दिवस लागले? मरणाचा दिवस आणि पहिला पैसा हातात आल्याचा दिवस, या दोन्ही तारखा लिहा.

तिसरा: एका वर्षाने घर कसे आहे? मुले शाळेत आहेत का? सातबाऱ्यावर बाईचे नाव लागले का? सावकाराचे देणे वाढले की घटले?

चौथा: बाईला मानाने वागवले का? चारचौघांत तिच्या घरच्या गोष्टी उकरल्या का?

पाचवा: वगळले कोण? हा प्रश्न लोक विसरतात. शेतकऱ्याने आत्महत्या केली, तर जिल्ह्याची समिती प्रकरण 'पात्र' की 'अपात्र' ते ठरवते. पात्र घराला एक लाख रुपये मिळतात. अपात्र घराला त्यातले काही नाही. पण चूल दोन्ही घरांची विझलेली असते. म्हणून ज्यांना मदत मिळाली त्यांनाच विचारू नका. ज्यांना मिळाली नाही त्यांच्याही दारी जा.

गावाने काय करावे?

बचत गटाने किंवा ग्रामसभेने एक साधी वही करावी. ज्या घरावर संकट आले, त्या घरासाठी गावातले एक माणूस नेमावे. त्याने पहिल्या महिन्यात मृत्यूचा दाखला, वारस नोंद आणि मुलांची शाळा, ही तीन कामे आधी पाहावी. दाखल्यावरचे नाव आधार कार्डाशी जुळते का, ते त्याच दिवशी वाचून घ्यावे. अर्ज दिला की पोच घ्यावी आणि तारीख लिहावी. तीन महिन्यांनी आणि वर्षाने पाच प्रश्न पुन्हा विचारावे. वही मात्र कुलपात ठेवावी. दुसऱ्याचे दुःख ही चावडीवर वाचायची गोष्ट नव्हे.

अडल्या वेळी बाईसाठी १८१ आणि मुलासाठी १०९८ हे फोन नंबर आहेत. ते भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा.

आता त्या पिशवीवाल्या बाईंचे पुढे काय झाले ते सांगतो. आम्ही दोघांनी बसून सगळे कागद एका ओळीत लावले. नावाची चूक दुरुस्त झाली. वारस नोंद झाली. धाकट्या मुलीला बालसंगोपनाचे पैसे सुरू झाले. आज त्या आपले अर्ज स्वतः वाचतात. कचेरीतला कागद वाचल्याशिवाय सही करत नाहीत.

थोरला मुलगा मात्र शाळेत परत गेला नाही. मदत आली, पण दीड वर्ष उशिरा आली. कचेऱ्यांच्या वह्यांत ते प्रकरण 'निकाली' म्हणून लिहिले आहे. आपल्या वहीत ते कसे लिहायचे?

विचार करा

१. तुमच्या गावात गेल्या वर्षी कोणत्या घरचा कर्ता माणूस गेला? त्या घरची मुले आज शाळेत आहेत का?

२. त्या घराच्या सातबाऱ्यावर कोणाचे नाव आहे?

३. पाच प्रश्नांपैकी तुमच्या गावात सर्वांत अवघड प्रश्न कोणता? वर्गात त्यावर बोला.