पाव सेकंदाचा पहारा

पवना धरणाचं पाणी कधी गोठत नाही. डिसेंबरात पवनानगरला पहाटे हुडहुडी भरते, जलाशयावर धुकं बसतं, काठावरचे तंबूवाले शेकोट्या पेटवतात; पण पाणी ते पाणीच. तेव्हा मावळातून बर्फावरच्या हॉकीचा गोलकीपर निघेल अशी आशा कुणी धरू नये. स्वीडनमध्ये तळी गोठतात, पोरांच्या पायांत लहानपणीच स्केट्स चढतात आणि त्यातलं एखादं पोर गोलात जाऊन उभं राहतं.

हेन्रिक लुंडक्विस्ट हे त्यातलंच एक. जन्म १९८२, गाव ओरे, जोडीला जुळा भाऊ योएल. गोलात कोण उभं राहणार असं प्रशिक्षकाने विचारलं, तेव्हा योएलने शेजारच्या हेन्रिकचा हात धरून वर केला, असं सांगतात. २००० साली उत्तर अमेरिकेतल्या एनएचएल या बर्फावरच्या हॉकीच्या लीगमधल्या क्लबांनी नवे खेळाडू निवडले, त्यात हेन्रिकचा नंबर लागला २०५वा. भाऊ त्याच्या कितीतरी आधी निवडला गेला होता. पुढे हाच हेन्रिक न्यूयॉर्क रेंजर्सकडून १५ हंगाम खेळला, ४५९ सामने जिंकला, २००६ला तुरिनच्या हिवाळी ऑलिंपिकात सुवर्णपदक घेऊन आला. २०१२ला सर्वोत्तम गोलकीपरचा वेझिना करंडक मिळाला. एनएचएलच्या विजेत्याचा स्टॅन्ली कप तेवढा हुकला तो हुकलाच. २०२१मध्ये हृदयाची शस्त्रक्रिया झाली आणि त्याच वर्षी त्याने खेळ थांबवला.

हे सगळं ठीक. मला खरं नवल वाटतं ते तो गोलात उभा कुठे राहायचा याचं.

बर्फावरच्या हॉकीचा गोल १८३ सेंटिमीटर रुंद आणि १२२ सेंटिमीटर उंच. समोरचा खेळाडू दहा मीटरवरून पक, म्हणजे खेळातली रबरी चकती, मारणार असेल आणि कीपर रेषेवरच थांबला, तर त्याला सगळे १८३ सेंटिमीटर झाकावे लागतात. तोच दोन मीटर पुढे आला तर साधारण १४६ सेंटिमीटर झाकले की भागतं. म्हणून बहुतेक कीपर पुढे सरकतात. कोन आवळायचा, असं हे शास्त्र. लुंडक्विस्ट उलटा वागायचा. तो मागे, गोलरेषेजवळ राहायचा. कारण पुढे सरकलं की जागा वाचते पण वेळ जातो. पक ताशी १५० किलोमीटरने येत असेल तर एका सेकंदात जवळजवळ ४२ मीटर कापतो, म्हणजे एक मीटर मागे उभं राहिलं की हाती येतात जेमतेम २४ मिलिसेकंद. एवढ्याशा उधारीवर या माणसाने पंधरा हंगाम काढले.

आता पुढचा हिशेब बघा. बारा मीटरवरून निघालेला तसा पक पाव सेकंदापेक्षा थोड्या जास्त वेळात गोलात पोचतो. डोळ्यांना काही दिसलं, ते मेंदूपर्यंत गेलं आणि स्नायू नुसते हलायला लागले, एवढ्यातच सुमारे एक पंचमांश सेकंद खर्च होतो. मग हात वर न्यायचा, पाय आडवा टाकायचा, यासाठी उरलं काय? काहीच नाही म्हटलं तरी चालेल. पक बघून अडवायचा म्हटलं तर तो अडवताच येणार नाही. तरीही हे लोक दहापैकी नऊ शॉट अडवतात!

उत्तर शॉटच्या आधी आहे. कॅनडातल्या कॅलगरी विद्यापीठातल्या जोन व्हिकर्स यांनी गोलकीपरच्या नजरेचा माग काढला. चांगल्या कीपरची नजर इकडेतिकडे भिरभिरत नाही. शॉट सुटण्याआधीच ती पक आणि काठीवर खिळते आणि तिथेच राहते. काठीचं पातं उघडं आहे की मिटलेलं, मारणाऱ्याचं वजन कुठल्या पायावर आहे, खांदा किती वळला, यावरून शॉट कुठे जाणार हे कीपरच्या अंगाला आधीच कळलेलं असतं. आपण ज्याला चपळाई म्हणून टाळ्या देतो, तिचा निम्माअधिक भाग म्हणजे वाचन असतं.

गवतावरची आणि टर्फवरची आपली हॉकी यापेक्षा सोपी असेल असं वाटत असेल, तर तसं नाही. हॉकीचा बॉल १५६ ते १६३ ग्रॅमचा, क्रिकेटचा चेंडूही तेवढाच, आणि पक १५६ ते १७० ग्रॅमचा. वजनं जवळजवळ सारखी. पण मैदानी हॉकीचा गोल ३.६६ मीटर रुंद आणि २.१४ मीटर उंच. क्षेत्रफळ काढलंत तर बर्फावरच्या गोलाच्या साडेतीनपट. पेनल्टी कॉर्नरला ‘डी’च्या टोकावरून, साडेचौदा मीटरवरून ड्रॅगफ्लिक ताशी १२० किलोमीटरने सुटला, तर कीपरच्या हातात सेकंदाचा अर्धाही भाग नसतो. त्यात गोलासमोर आपली आणि त्यांची माणसं, बॉल नीट दिसेलच याची खात्री नाही.

या कामात जगातला एक अव्वल माणूस आपल्याकडे, नागपुरात जन्मला. रिचर्ड ॲलन, ४ जून १९०२. अँग्लो-इंडियन घरातला मुलगा, मसुरीजवळच्या ओक ग्रोव्ह शाळेत शिकला, पुढे बंगालकडून खेळला. १९२८ला ॲम्स्टरडॅमला भारत पहिल्यांदा ऑलिंपिक हॉकीत उतरला. ऑस्ट्रिया, बेल्जियम, डेन्मार्क, स्वित्झर्लंड आणि अंतिम सामन्यात नेदरलँड्स. भारताने २९ गोल केले. खाल्ले किती? शून्य.

तेव्हा डोक्यावर हेल्मेट नव्हतं, तोंडापुढे जाळी नव्हती. बर्फावरही तीच कथा. कॅनडाचा जॅक प्लांट १९५९ साली तोंडावर पक बसून टाके पडल्यावर मुखवटा घालून परत खेळायला आला, तिथून ती पद्धत रुळली. ॲलनच्या पायांना पॅड होते, बाकी सगळं डोळ्यांवर आणि छातीच्या धीरावर.

कुणी म्हणेल, समोर ध्यानचंद असताना मागे ॲलनला काम ते काय होतं! शंका रास्त आहे. पण रिकामा कीपर फार लवकर ढिला पडतो, आणि ॲलनची सर्वांत प्रसिद्ध गोष्ट नेमकी याच ढिलाईची आहे. १९३२, लॉस एंजेलिस. भारताने अमेरिकेला २४-१ असं धुतलं. तो एक गोल झाला तेव्हा ॲलन गोलामागे प्रेक्षकांना सह्या देत होता, असं सांगतात. दंतकथा असो वा नसो, चोवीस गोलांच्या सामन्यात लोकांच्या लक्षात राहिला तो हा एक गोल! त्याच स्पर्धेत जपानविरुद्ध गोलात आर्थर हाइंड होता, ॲलन नव्हता. मग १९३६, बर्लिन. पावसामुळे एक दिवस पुढे गेलेला अंतिम सामना, १५ ऑगस्टला, जर्मनीशी. भारत ८-१. त्या ऑलिंपिकात भारताने खाल्लेला तो एकुलता एक गोल. तीन ऑलिंपिक, तीन सुवर्णपदकं आणि ॲलनच्या खात्यावर मिळून दोन गोल. या माणसाचं नाव नागपुरात तरी किती जणांना ठाऊक असेल, मला शंका आहे.

त्यानंतर फार वर्षांनी, २०१७च्या ऑक्टोबरात, भारताचा मुख्य गोलकीपर श्रीजेश दुखापतीमुळे बाहेर होता आणि ढाक्याला आशिया चषकासाठी भारताने जे दोन कीपर नेले ते दोन्ही महाराष्ट्राचे: यवतमाळचा आकाश चिकटे आणि मुंबईचा सूरज करकेरा. अंतिम सामन्यात मलेशियाला २-१ हरवून भारताने दहा वर्षांनी चषक परत आणला. डिसेंबरात भुवनेश्वरला वर्ल्ड लीग फायनलमध्येही हीच जोडी. बेल्जियमशी उपांत्यपूर्व सामना ३-३ राहिला आणि शूटआउटवर गेला. शूटआउटमध्ये मारणारा २३ मीटरच्या रेषेवरून बॉल घेऊन निघतो, त्याला आठ सेकंद मिळतात आणि समोर एकटा कीपर. गोलात आकाश होता. भारत ३-२ जिंकला.

त्याच स्पर्धेत कांस्यपदकासाठी जर्मनीशी गाठ पडली. जर्मनीची बरीच माणसं आजारी, धड उभे राहतील असे जेमतेम अकरा. त्यांनी राखीव गोलकीपर मार्क अपेलला पुढे, फॉरवर्ड म्हणून उतरवलं. आणि पठ्ठ्याने गोल केला! आयुष्यभर दुसऱ्यांच्या काठ्या वाचत आलेल्या माणसाला आपली काठी कुठे वळवायची हे कळलं असेल, यात मला तरी आश्चर्य वाटत नाही. भारत २-१ जिंकला ते सोडा. गोलकीपरने गोल केल्याचं नवल जास्त मोठं.

पवनानगरहून पिंपरीच्या नेहरूनगरला ध्यानचंदांच्या नावाचं हॉकी स्टेडियम आहे, तास-सव्वा तासाचा रस्ता. तिथे सामना असेल तेव्हा जा. शक्य झालं तर गोलाच्या मागच्या बाजूला जागा धरा, आणि पेनल्टी कॉर्नर लागला की बॉल सोडून कीपरच्या पायांकडे बघा. बॉल मारायच्या आधी ते हललेले दिसतील.