पाण्याचे ढग असलेला ‘तारा’? थंड तपकिरी बटू शोधतात तरी कसे?

तारा म्हटलं की धगधगता गोळा डोळ्यांसमोर येतो. पण वासुकी तारकासमूहात, आपल्यापासून अवघ्या ७.४ प्रकाशवर्षांवर असा एक गोळा आहे, जो दिल्लीच्या हिवाळ्याइतका गार आहे! त्याचं नाव वाइज ०८५५-०७१४.

हा आहे ‘तपकिरी बटू’. असे गोळे ताऱ्यांसारखेच वायूच्या ढगातून जन्मतात. पण हायड्रोजन सतत जळत राहण्यासाठी गुरूच्या साधारण ७५ ते ८० पट वस्तुमान लागतं. तेवढं नसलं की भट्टी पेटत नाही आणि जन्माच्या वेळची उष्णता हळूहळू निघून जाते. असे गोळे असू शकतात, हे भारतात जन्मलेले खगोलशास्त्रज्ञ शिव कुमार यांनी १९६०च्या दशकातच मांडलं होतं. ते खात्रीने सापडायला मात्र १९९५ साल उजाडलं.

इतकी थंड वस्तू दिसणार कशी? ती दृश्य प्रकाश जवळपास देतच नाही. तिची ऊब अवरक्त किरणांतून बाहेर पडते. आपलं वातावरणही अवरक्तात चमकतं, म्हणून अवकाशातली दुर्बीण हवी. नासाच्या ‘वाइज’ दुर्बिणीने काही महिन्यांच्या अंतराने आकाशाचे फोटो घेतले. त्यांत एक ठिपका जागा बदलताना केव्हिन लुमन यांना दिसला. मग स्पिट्झर दुर्बिणीने पाठपुरावा झाला. पृथ्वी सूर्याभोवती फिरताना हा ठिपका किती सरकतो, हे मोजून अंतर कळलं. २०१४ मध्ये शोध जाहीर झाला.

तेव्हा तापमानाचा अंदाज उणे ४८ ते उणे १३ अंश सेल्सिअस होता. जेम्स वेब दुर्बिणीच्या निरीक्षणांनंतर तो सुमारे १२ अंशांवर आला. २०१६ मध्ये हवाई बेटावरच्या जेमिनी दुर्बिणीने त्याचा वर्णपट घेतला, तेव्हा पाण्याची वाफ आढळली आणि ढगांचे संकेतही मिळाले.

पण मग हा तारा की ग्रह? त्याचं वस्तुमान गुरूच्या ३ ते १० पट असावं. ड्युटेरियम जळायला साधारण १३ पट लागतं. म्हणजे त्याच्यात ड्युटेरियम शिल्लक असायला हवं, आणि जेम्स वेबला ते सापडलंही! वस्तुमान ग्रहाएवढं, पण फिरायला सूर्य नाही. ‘तारा’ आणि ‘ग्रह’ या आपल्या सोयीच्या चौकटी निसर्ग पाळतोच असं नाही.

त्याचा अभ्यास महत्त्वाचा आहे तो यासाठीच. दूरच्या थंड ग्रहांचं वातावरण त्यांच्या ताऱ्याच्या झगमगाटात हरवतं. इथे डोळे दिपवणारा ताराच नाही!